आधी उतरणं

मकरपुऱ्याला, बंद पडलेल्या पंपांच्या कारखान्यात,
जिथे पूर्वी क्रेनचा आकडा होता
तिथून आता एक जांभळं कापड लोंबतं.
दोन्ही टोकं वर, पोट खाली,
बाळ निजवावं तशी झोळी.
फक्त इथे निजायचं नाही.

उल्काबेन, आज नुसतं लटकायचं, झंखना म्हणते.
मी लटकते.
अकरा सेकंद. चौदा. परत अकरा.
खांदे कानांपाशी येतात,
थंडीत प्रार्थनेला उभ्या पोरांसारखे.
खाली घ्या, खांदे खिशात घाला.
खांद्यांना खिसे नसतात हे मी तिला सांगणार
तेवढ्यात पाठीत कुठेतरी
एक खिसा सापडतो.
चव्वेचाळीस वर्षं शिवलेलाच होता.

पहिले तीन महिने उलटं होणं नाहीच.
स्टुलावर चढून, तिच्या हातांच्या आधाराने वर पोचायचं
आणि मग एकटीने उतरायचं,
सावकाश, मणका मणका मोजत,
विहिरीत घागर सोडतात तसं,
दोर न सोडता.
ताकद उतरताना येते, ती म्हणते,
आणि फोन घेते, कारण कुणाची तरी फी थकलीय.

आमच्यात हरलं की हात टेकतात.
इथे हात टेकायला काही नाही.
पायाखालची जमीन तर मी स्वतःच सरकवलेली.

एकदा झोका घेऊन पाय फेकले.
गेले वर, क्षणभर.
मग माझ्या आधी खाली आले.
उधार नहीं चाले, झंखना म्हणाली.
माकडहाड आत. बेंबी पाठीला.
कोपरं वाकलेली राहू द्या, घाबरली तरी.

रात्री पोळ्या लाटताना लाटणं निसटतं.
गुडघ्यांच्या मागे जांभळाएवढे डाग.
नवरा विचारतो, पैसे देऊन?
मी म्हणते, हो, आणि पावतीही मिळते.

दांडियाबाजारच्या आखाड्यात दादा मल्लखांब करायचा.
मी एरंडेलाची वाटी धरून खाली उभी.
त्याच्या पायांचे तळवे मला पाठ होते.
बोटं अजून कधी कधी बुळबुळीत वाटतात.
दादाने आता गुडघा बदलून घेतलाय.

माझ्या मराठीच्या वर्गात नऊ मुलं.
फळ्यावर शब्दावरची रेघ ओढताना
काखेतून कळ निघते, मी खडू हातातच ठेवते.
दुर्वांक विचारतो, टीचर, गुजरातीला रेघ लागत नाही,
मग मराठीला कशाला?
लटकायला, मी म्हटलं.
मुलं हसली.
मी विनोद केला नव्हता.

ते झालं एका गुरुवारी.
वीज गेलेली. झंखना ताकाच्या पिशव्या आणायला कोपऱ्यावर.
तिचं वाक्य होतं, मी नसताना वर जायचं नाही.
मी वर जाणार नव्हतेच,
नुसते गुडघे छातीशी घेतले,
डोकं मागे सोडलं,
आणि ही कंबर,
जिच्यावर बादल्या, लेक, शाळेच्या किल्ल्या,
सगळं येऊन गेलं,
ही कंबर कुणी न ढकलता
डोक्याच्या वर गेली.
आवाज झाला नाही.
पाय कापडाच्या दोन्ही बाजूंनी उघडले,
गुडघ्यांनी आपापलं कापड धरलं.

शेपटा फरशीला लागला. कान भरून आले.
समोरच्या भिंतीवर जुनी पाटी होती,
कारखान्याच्या काळातली:
सावधान, ऊपर भार है.
रोज बघायचे, कधी वाचली नव्हती.
आता तिची सगळी अक्षरं
रेघेवर उभी होती,
आपापल्या वजनाने,
मात्रा आणि अनुस्वार खाली तळघरात.

किती वेळ, ठाऊक नाही.
सेकंद मोजणारी ताक आणायला गेली होती.
तळवे पोळायला लागले.
मग लक्षात आलं, आता फक्त उतरायचंय.
तेवढं मला येत होतं.