कान

सहा वर्षांचा होतो. टेबलापलीकडच्या बाईंनी
सशाचं चित्र पुढे सरकवलं.
यात काय राहिलंय?
प्रश्न त्यांच्या भाषेत होता.
ससा कुठल्याच भाषेत नव्हता, म्हणून कळलं.
मी म्हणालो, कान.
बाईंनी पुन्हा विचारलं, सावकाश,
मी खूप लांब उभा असल्यासारखं.
कान, म्हणालो, जरा मोठ्यानं.
मग पेल्याचं चित्र. यात काय?
पानी.
त्यांनी कागदावर दोन शून्यं काढली,
सुबक, एकाखाली एक,
आणि आईला सांगितलं,
गेझाला वेगळ्या शाळेत घाला.

वेगळ्या शाळेत आम्ही नऊ वर्षं
कोबी रंगवला.

झानेटाची पाळी दोन वर्षांनी आली.
तोवर आई शहाणी झाली होती.
रात्री अंथरुणात तिच्याकडून घोकून घ्यायची
उखो, व्होदा, उखो, व्होदा,
कान आणि पाणी, स्लोव्हाक करून.
मी शेजारी पडून ऐकायचो.
मलाही पाठ झालं. उपयोग नव्हता.

आता ती प्रेशोवच्या मोठ्या रस्त्यावर
सलूनमध्ये केस कापायला शिकते.
खुर्चीतल्या बायका आरशातून विचारतात,
इटालियन का गं तू?
ती म्हणते, हो, वडील नापोलीचे.
वडील इंग्लंडात कोंबड्यांच्या कारखान्यात आहेत.
तिथे त्यांना सगळे पाकिस्तानी समजतात
आणि तेही खुशाल मान डोलावतात.
फोनवर सांगताना हसले.
आम्ही हसलो. झानेटा भांडी घासत राहिली.

गुरुवारी बसमध्ये मागच्या दाराने चढलो.
ती पुढे, सलूनमधल्या दोघींबरोबर.
मी आपला सवयीनं ओरडलो, फेन्ये!
म्हणजे बहिणी. एवढंच.
एकीनं पर्स पोटाशी घेतली.
दुसरीनं विचारलं, हा तुला हाक मारतोय?
झानेटानं कानांवर हात ठेवले.
खरेखुरे नाहीत. हात दांडीवरच होते,
बोटं पांढरी पडलेली.
कोण जाणे, म्हणाली,
आणि खिडकीतून बघू लागली
जिथे बघण्यासारखं काही नव्हतं,
टायरचं गोदाम, आणि मग परत टायरचं गोदाम.

राग आला की दहापर्यंत मोज, आई म्हणते.
येख, दुय, त्रिन, श्तार...
आमच्यात दहाला देश म्हणतात.
मी नवापर्यंत जाऊन उतरलो,
दोन थांबे आधीच.

ती जेवत नाही हल्ली.
डॉक्टरांनी पोटाचा फोटो काढला,
काही निघालं नाही.
फोटो मीही दिव्यासमोर धरून पाहिला.
आत ती कुणासारखीही दिसत होती.

आज रात्री आई झोपल्यावर
तिनं स्वयंपाकघरात खुर्ची ओढली,
माझ्या गळ्याभोवती टॉवेल खोचला.
सराव करायचाय, म्हणाली. सोमवारी परीक्षा.
गुरुवारबद्दल चकार शब्द नाही.
मीही मूग गिळून बसलो.
कात्री मानेवरून वर सरकत आली, गार,
तिचा हात थरथरत होता
आणि मला भीती वाटत होती, ती कात्रीचीच,
दुसऱ्या कशाची नाही.
मग ती थांबली.
दोन बोटांनी माझं डोकं तिरकं केलं,
आणि स्लोव्हाक येणाऱ्या, नापोलीच्या,
पहिल्या नंबरात पास होणाऱ्या त्या तोंडातून
हळूच, आमच्याच शब्दात निघालं,
हलू नकोस,
कान.

मी कान दुमडून धरला.
केस टॉवेलवर पडत राहिले,
माझे, तिच्याच रंगाचे.
उद्या तीच बस आहे, सहा चाळीसची.
हाक मारू का, हे मी विचारलं नाही.
एका बाजूला तिनं जरा जास्तच कापलंय.