भरतीच्या वेळा

एजंट भोपी म्हणाला, काका, एवढं एक पाळा,
गिऱ्हाईक भरतीलाच बोलवायचं.
ओहोटीला करावेच्या बाजूचा चिखल उघडा पडतो
आणि वास जिने चढून तुमच्या हॉलमध्ये येऊन बसतो.

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते.
हे मला गावातल्या मासळीवालीनं शिकवलं, तेव्हा नेरुळ नवं होतं.
लोक घर घेताना मुहूर्त काढतात.
मी विकताना पाढे म्हणतो.

पिंपळखरे पहिल्यांदा आले पंचमीला, पावणेचारला.
त्यांनी बोटांच्या पेरांनी भिंती वाजवल्या,
मोबाईलमध्ये होकायंत्र काढून संडासाची दिशा पाहिली.
दुसऱ्यांदा पौर्णिमेला, सव्वाअकराला.
तेव्हा सोबत त्यांचे मेव्हणे होते, त्यांना सिडकोच्या बिल्डिंगा
मुळातच पसंत नव्हत्या.
का विकताय, असं दोन्ही वेळा विचारलं.
मी एकदा गुडघे म्हणालो, एकदा मुलगा.
तिसरा मजला, लिफ्ट नाही. खोटं काहीच नव्हतं.
जाताना म्हणाले, कळवतो.

एकतीस वर्षं मी कांदा-बटाटा मार्केटात मेहताजी होतो.
रुमालाखाली बोटं धरून भाव ठरताना पाहिलेत.
ज्याला घ्यायचं नसतं तो नावं ठेवत उभा राहतो.
ज्याला घ्यायचं असतं तो कांदा उचलतो आणि खाली ठेवायचं विसरतो.
तिसरा एक असतो, गोणीभोवती फिरतो, निघून जातो,
चार गाळे पुढे जाऊन वळून बघतो.
त्याला हाक मारायची नाही, शेठ सांगायचे.
हाक मारलीस की दोन रुपये पडले.

म्हणून मी फोन केला नाही.
भोपीनं केला, रोज.
दुसरी पार्टी आहे म्हणाला. दुसरी पार्टी नव्हती.
आणि एका दुपारी दोन पोरं आणून
बाथरूमच्या मागच्या भिंतीला कपाट लावून घेतलं,
जिथं ओल आहे, बरोब्बर तिथं.
चहा करू नका, हेही त्यानंच सांगितलं,
चहा पाजला की आपण गरजू दिसतो.

आज नवमी. पावणेसातला दोघंच आले.
खाडी काठोकाठ, हवेला कसलाच वास नाही.
तो मेंटेनन्स, ट्रान्सफर फी, पार्किंग, पाण्याची वेळ,
सगळं परत विचारत होता. वहीत आधीच लिहिलेलं.
ती बोलली नाही. खिडकीखालच्या भिंतीला टेप लावून
ओठांतल्या ओठांत म्हणाली, एकशे बारा.
थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली.
मी चहा टाकला.
कप हातात घेऊन ती तिथंच उभी राहिली,
चहा निवला तरी.
मग तो म्हणाला, कळवतो हं काका,
आणि ती म्हणाली नाही.

टेप ओट्यावर राहिली.

रात्री मी ती ओढून पाहिली.
स्वयंपाकघर, मी समजत होतो त्याहून वीतभर लहान.
मग खिडकीखाली एकशे बारावर अंगठा धरून बसलो.
काय मावेल एवढ्यात? पलंग नाही. फ्रीजला प्लग नाही.
हिचं शिलाई मशीन मावायचं, पाय हलवायला जागा ठेवून.
पाळणा मावेल.

मार्केटात गोणीच्या तोंडाशी मोठा माल लावणारे
मला कधी आवडले नाहीत.
आधी मी त्यांच्या नावापुढे फुली मारायचो,
नंतर नंतर नुसता हसायचो.

कपाट रिकामं होतं, तरी सरकवताना
दोनदा मोढ्यावर बसावं लागलं.
ओल होती तिथंच होती, थोडी वाढलेली,
कडेला पिवळट, ताटात सांडलेल्या आमटीसारखी.

साडेनऊला फोन वाजला. ती होती.
काका, आमची टेप राहिली का हो तिथं?
राहिलीय, म्हटलं. घेऊन जा उद्या.
केव्हा येऊ?

उद्या दशमी. दहाची पाऊणपट साडेसात,
भरती संध्याकाळी साडेसातला.

दुपारी दीडला ये, मी म्हणालो.
खिडकी उघडी ठेवतो.