लाभ

मिठबावला आमच्या मांगरात एक खोली आहे, पेट्यांची.
जूनपासून तिथे रिकामं लाकूड राहतं
आणि पेंढा.
पेंढा आवाज खातो हे मला कुणी शिकवलं नव्हतं.
नोव्हेंबरात एकदा आत शिंकले
आणि शिंक माझ्याकडे परत आली नाही.
तेव्हाच ठरवलं, इथे.

पुण्याहून आणलेलं सगळं एका रिक्षात मावलं.
माइक, दोन तोंडांचा इंटरफेस, गिटार,
रेनॉल्डने पैशांऐवजी दिलेला कीबोर्ड,
ज्याचा वरचा ध एकदा दाबला की दाबलेलाच राहतो.
पिठाच्या चाळणीवर पायमोजा ताणून बांधला,
म्हणजे प आणि फ फुटत नाहीत.

बँडमध्ये चार माणसं होती.
आता चार ट्रॅक, आणि चारीत मी.
पहिली लय धरते,
दुसरी तिला घाई करते,
तिसरी उगाच वरच्या पट्टीत जाते,
चौथी गप्प.
भांडण झालं तरी कुणी दार आपटून जात नाही.
याचीच सवय व्हायला महिना गेला.

दिवसा राण्यांचा पंप, म्हणून रात्री गायचं.
पहाटे चारला होड्या निघतात.
त्यांच्या इंजिनांच्या घरघरीला मी तिसरं गाणं लावलं,
अर्ध्या स्वराने खाली.
ट्यूनर लाल दिवा दाखवत राहिला. दाखवू दे.
वीज गेली की लॅपटॉप पन्नास मिनिटं टिकतो,
म्हणून पाचवं गाणं एवढं छोटं आहे.
कुणी त्याला संयत म्हणालं तर मी नाही म्हणणार नाही.

बाबांचा डावा कान फवारणीच्या पंपाने नेला.
उजव्याने ते बातम्या ऐकतात, आणि थोडं मला.
एका रात्री दाराबाहेरून म्हणाले,
"कोणाक गावन दाखयतंस गो?"
"कोणाकच नाय."
हे खरं होतं. दुसऱ्या गाण्याचं धृपद तेच झालं.

फेब्रुवारी सरताना पुन्हा आले.
"पेट्यो होयत. आंबो थांबणा नाय."

सातवं गाणं राहिलं होतं.
भिंतीकडच्या पेट्या रोज थोड्या कमी होत गेल्या
आणि माझा आवाज रोज थोडा मोठा,
उघडा, न्हाणीघरातल्यासारखा.
शेवटच्या रात्री उकाडा इतका की खिडकी लावली नाही.
गिटारवर बोट ठेवलं, क्लिक सुरू केला
आणि खळ्यातून आलं,
लाभ.
टक.
दोन.
टक.
तीन.

बाबा एक म्हणत नाहीत. मोजणी लाभपासूनच.
एका कानाने जगणाऱ्या माणसाला
आपण किती मोठ्याने बोलतो ते कळत नाही.
आकडा, मग पेटी खाली, चिऱ्यावर,
आकडा, मग पेटी.
मी क्लिक बंद केला.

सव्विसावर ते अडले. पुटपुटले काहीतरी.
मीही कडव्याच्या मध्येच होते.
मग पुन्हा, लाभ.
आणि मी पहिल्या ओळीवर परत.

एप्रिलात अल्बम आला. म्हणजे
सड्यावर, जिथे रेंज मिळते तिथे,
फोन डोक्यावर धरून मी दोन तास उभी राहिले.
आठवड्यात एकशे सहा वेळा ऐकला गेला.
त्यातल्या बऱ्याच मी.
एक कुणीतरी रोज मध्यरात्री फक्त पाचवं ऐकतं.
कोण ते माहीत नाही,
पण त्या वेळी मी जागी असते.

काल टेम्पो भरताना
बाबांच्या उजव्या कानात मी इयरफोन घातला.
सातवं लावलं.
ते टेम्पोच्या फळीला टेकून उभे होते,
हाताला चीक, कपाळावर आठी.
ओठ हलत होते.
संपल्यावर इयरफोन काढून माझ्या तळहातावर ठेवला.

"सव्वीस न्हय गो. सत्तावीस होत्यो.
एक फुटकी, ती धरूक नाय मी."

आणि फळीवर दोनदा थाप मारली,
ड्रायव्हरला, चल म्हणून.