चोवीस नंबरचं बंदर

क्लाक्सविकच्या मासळी कारखान्यात
पहाटे पावणेतीनला वजनकाटे अडकतात.
पट्ट्यावर कॉड थांबतो, डोळे उघडे,
सुऱ्या हातात तशाच धरून बायका एकमेकींकडे बघतात.
आजची चौथी रात्र.

रान्वा जिन्याखालच्या खोलीत उतरते.
बाहेर एक बंदर आहे, धक्क्याला घासणाऱ्या होड्यांचं;
आत चोवीस,
प्रत्येकाच्या तोंडात एकेक वायर.
दोन ओळी टाइप करते:
एक नंबरातून जे जाईल, जे येईल,
त्याची नक्कल चोवीसला.

आरसा म्हणतात याला.
पण आरशात बघणाऱ्याचं तोंड दिसतं,
आणि इथे एक नंबराला पत्ताही नाही
की आपल्याला जुळं झालंय.
चोवीसला कान फुटले, वाचा गेली.
त्याच्या तोंडाला आता तिचा लॅपटॉप.

पाकिटं सरसरत जातात.
काट्यांची: बारा किलो दोनशे, अकरा नऊशे.
बर्फाच्या यंत्राची, दाराच्या कुलपाची.
काही निसटतात,
नक्कल करणाऱ्यालाही दम लागतो.

पावणेतीन.
एकाच पत्त्यावर पाकिटं, शेकड्यांनी,
कुणी दार बडवत सुटावं तशी.
फोडता येत नाहीत, मोहोरबंद आहेत.
ती पत्ता तेवढा वाचते:
कुठलं जहाज कुठे आहे, ते सांगणारं ठिकाण.
पाठवणारा: फाटकावरच्या खोपटातला संगणक.

खोपटात होग्नी. फेरी आटोपून नुकताच बसलेला.
थर्मास तिच्याकडे सरकवतो.
त्याचा ब्रान्दुर बॅरेंट्स समुद्रात, ट्रॉलरवर,
आणि पुतण्याने चार ओळींचा प्रोग्राम लिहून दिलाय:
विचार, परत विचार.
थांब, असं लिहायला पोरगा विसरला.

आरशाचं ती बोलत नाही.
"काटे अडकतात यानं," एवढंच म्हणते,
आणि पाचवी ओळ घालते:
दहा मिनिटं थांब.
"दहा?" म्हातारा कपाकडे बघत म्हणतो,
"दहा मिनिटांत बोट उलटी होते, रान्वा."
ती खोडते. पाच करते.

अहवालात लिहिलं: फाटकावरचा संगणक, दुरुस्त.
आरसा काढायचा मात्र राहिला.

गुरुवारी आठवलं तेव्हा रात्र होती.
काटे चालू होते. तेरा किलो शंभर. नऊ आठशे.
मध्येच एक पाकीट, एकटंच, दोन पन्नासला.
मग दोन पंचावन्नला.
रान्वा कोट न काढता बसून राहिली.
तीन वाजता तिसरं गेलं,
लगेच उत्तर आलं, लहानसं,
त्यात काय होतं ते तिला दिसलं नाही.

मग तिने ती दोन ओळींची आज्ञा पुसली.
चोवीसला वाचा परत आली.
बोलायला त्याच्याकडे काही नव्हतं.