परतीचं तिकीट रविवारचं

आमचं कॉलेज गुरुवारी सकाळीच हरलं,
एकोणतीस विरुद्ध चौऱ्याहत्तर.
जळगावहून आणलेला ढोल
गवसणीतून धड बाहेरही आला नव्हता.

टीम रात्रीच्या गाडीनं परत गेली.
आमची तिकिटं रविवारची. मी, तडवी,
आणि कॅप्टनची बहीण हर्षाली,
जी दिवाळीपासून त्याच्याशी बोलत नव्हती,
तरी आली होती.

मग काय, राहिलो.
सकाळी जीपीओपाशी तर्री-पोहे,
डिसेंबर कानाच्या पाळ्यांत, डोळ्यांतून पाणी.
गाडीवाला म्हणाला, "हारले काय बे?
घ्या मंग, अजून तर्री घ्या."

दिवसभर परक्यांचे सामने.
लाकडी फळ्यांवर बुटांची चूंचूं,
आणि प्रत्येक स्कोअरला
कुणाचं तरी दुसरं गाव ओरडायचं.

शनिवारी कोट्टयमच्या मुली.
त्यांच्यातली पाच नंबर, सगळ्यांत बुटकी,
फ्री थ्रोआधी डावा मोजा वर ओढायची.
तडवीनं ढोल काढला.
"पाच नंबर! हाण गं!"
तिनं एकदा वळून पाहिलं,
हे कुठले, आपले तर नाहीत, असं.

चार सेकंद. एक गुण मागे. दोन थ्रो.
पहिला आत.
दुसरा रिंगच्या कडेवर फिरायला लागला.

हर्षालीनं फोन कधी लावला, कळलं नाही.
"ऐक," एवढंच म्हणाली,
आणि मोबाइल मैदानाकडे धरला.
अख्खं स्टेडियम गप्प होतं.
चेंडू अजून फिरत होता.