जवळजवळ सारख्या नोंदी

लुनेनबर्गला डिसेंबरात चारलाच दिवे लागतात.
व्हर्ना कॉर्कम मासळीच्या कारखान्याचे हिशेब मिटवून
जेवणाच्या टेबलावर यादी उघडायची:
नोव्हा स्कोशिया, वाद्ये, पियानो सुरात लावणारे.
एकूण तेवीस माणसं.
पगार नाही, खाली सही नाही.
संपादकांच्या पुस्तिकेत एक नियम मात्र ठळक:
विशेषण घालायचं नाही.

म्हणून तिने लिहिलं,
'एल्डन मोशर, ब्रिजवॉटर. घरी येऊन पियानो लावतात.
फोनवर वेळ ठरवावी.'
तो डाव्या कानाने ऐकतो,
उजवा बोटीच्या इंजिनापाशी गेला,
हे तिला माहीत होतं. लिहिलं नाही.
आणि एका रात्री, दिवसभर माशांची वजनं मांडून,
ट्यूनरच्या जागी तिच्या हातून ट्यूना पडला.
पियानो ट्यूना, ट्रूरो.

यादी फुकट होती, कुणीही न्यावी अशी.
नेली.
टँपाहून कुणी, मिन्स्कहून कुणी,
एकाने तर झोपेत नेली असावी.
तीनशे चाळीस ठिकाणी तीच तेवीस माणसं उभी राहिली,
त्याच क्रमाने,
डाव्या हाताला कर्जाची जाहिरात, उजव्या हाताला टक्कल.
मक्षिकास्थाने मक्षिका:
तीनशे चाळीस ट्यूना,
गळाला एकही नाही.

एल्डन मार्चमध्ये गेला.
व्हर्नाने त्याच संध्याकाळी त्याची ओळ काढली.
नकलांना सुतक नसतं.
जूनपर्यंत त्याच्या बायकोचा, आयलाचा, फोन वाजत राहिला:
मोशर आहेत का?
आमच्या मधल्या चार पट्ट्या उतरल्यात.

मग शोधयंत्राने आवराआवर काढली.
ते वाचत नाही, तुकडे जुळवतं.
ह्या आठ शब्दांमागे तेच आठ शब्द,
म्हणजे हे पान आणि ते पान एकच.
लोक म्हणतात शिक्षा करतं. तसं काही नाही.
धुतलेल्या चादरींसारखी एकावर एक ठेवतं
आणि वरची तेवढी दाखवतं.
तळाशी, बारीक अक्षरात:
जवळजवळ सारख्या असलेल्या काही नोंदी वगळल्या आहेत.

वरची कोणती, हा प्रश्न व्हर्नाला उशिरा पडला.
मूळ यादीचं घर तोवर बंद झालं होतं.
उरलेले सतरा जण तिने स्वतःच्या पानावर आणून बसवले,
आपलीच वाक्यं, आपल्याच स्वल्पविरामांसकट.
यंत्राने पाहिलं. टँपाची प्रत जुनी, हिची नवी.
हिचं पान घडीच्या आत गेलं.
आईलाच विचारावं तसं:
बाई, हे नाक तुम्ही कुणाचं उचललंत?

भाचा डॅरिल म्हणाला, शब्द फिरव.
'घरी येऊन' चं 'घरपोच सेवा' कर, झालं.
तिने एक ओळ फिरवली.
वाचली. आपल्याच कोटात
दुसऱ्याचे रुमाल सापडावेत तशी वाटली. पुसली.

मग चहा केला. किटली पुस्तिकेवर ठेवली
आणि लिहायला बसली.

'रोएटा डॉसेट, यार्मथ. जिने चढत नाही.
काम झालं की एकच स्तोत्र वाजवते, तेही अर्धं.'

'ओरिल शियासों, शेटिकॅम्प.
समुद्राच्या ओलाव्याला फ्रेंचमध्ये शिव्या देतो.
पियानोशी मात्र इंग्रजीत, हळू बोलतो.'

'एल्डन मोशर, ब्रिजवॉटर. आता येत नाहीत.
डाव्या कानाने ऐकायचे.
फोन करू नये. आयला दुपारची झोपते.'

अकरा दिवसांनी यंत्र येऊन गेलं म्हणे.
पान वर आलं का, हे पाहायला
ती त्या रात्री बसली नाही.
सगळ्या चुका तिने दुरुस्त केल्या होत्या.
ट्रूरोचा ट्यूना तेवढा राहू दिला.
तो तिचा होता.