सात तास आधी

संध्याकाळी पावणेआठला दादांना फोन केला:
एक दगड येतोय. कपाटाएवढा.
रात्री दोन बावन्नला आपल्यावरच जळून जाईल,
भ्यायचं काही नाही, गच्चीवर जाऊन बघा.

"वजन?"
चाळीस वर्षं कोचीत गलाई केलेला माणूस
दुसरं काय विचारणार.

मग म्हणाले, तुम्हाला आजच कळलं व्हय?
आजच. बारके असतात, काळे,
अगदी दारात आल्याशिवाय दिसत नाहीत.
"उधारी मागणाऱ्यासारखे," ते हसले.

लेंगऱ्यात त्या रात्री वीज नव्हती, बरंच झालं.
घोंगडं अंथरून ते जागे राहिले.
शेजारच्या सुबराव गवंड्याला उठवलं नाही,
खोटं ठरलं तर गावभर व्हायचं.

दोन बावन्न.
रेवणगावच्या डोंगरावर आधी हिरवं, मग पिवळं,
पाण्याच्या टाकीची सावली गच्चीभर फिरून गेली.
गोठ्यात म्हैस उभी राहिली.
आवाज मागाहून,
लांब कुठे ट्रकचा फाळका पडावा तसा.

लगेच मला फोन:
"तांबं हाय त्यात. जाळावरनं कळतं."
बहुतेक मॅग्नेशियम.
मी बोलले नाही.

सकाळी त्यांनी गच्ची झाडली,
दुकानातला केर झाडायचे तशी,
कोपऱ्यांसकट, श्वास आवरून.
चिमूटभर धूळ पुडीत बांधली.
मूस काही तापवली नाही.

पुडीवर तारीख आहे, वेळ आहे.
गिऱ्हाइकाच्या नावाची जागा कोरी.
मी सांगितलेली अक्षरं-आकडे
त्यांना नाव वाटत नाहीत.